खुनी नायकाची स्वगतं कुठे थांबतात? – 'मॅकबेथ'बद्दल

चांदणवेल

मॅकबेथ महत्त्वाकांक्षी होता आणि त्या हावेपायी संपला, असं परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहून आपण मोकळे होतो. एवढ्यात मावणारा माणूस असता तर चारशे वर्षं नटांनी त्याच्यासाठी जीव टाकला नसता. झोपलेल्या म्हाताऱ्या राजाला मारणारा, मित्रावर मारेकरी घालणारा, एका बाईला तिच्या पोरांसकट कापून काढायला लावणारा हा माणूस. तरीही शेवटच्या अंकात तो एकटा पडतो तेव्हा आपल्या पोटात कालवतं. हे लेखकाने घडवलं कसं, यावर मला बोलायचं आहे. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

नाटक १६०६ च्या सुमाराचं, छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात. त्याच्या शोकांतिकांमधलं हे सर्वांत छोटं. जागा कमी असूनही नायकाला रंगमंचावर आणायची त्याला घाई नाही. आधी एक जखमी शिपाई येऊन मॅकबेथचं वर्णन करतो: रक्ताने वाफाळणारी तलवार घेऊन वाट कापत गेला आणि बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला. पुढे पाचव्या प्रवेशात त्याची बायको म्हणते की याच्यात माणुसकीचं दूध जरा जास्तच आहे. आता यातलं खरं कुठलं? दोन्ही. रणांगणावर मारताना त्याचा हात कापत नाही, घरात मारायची वेळ येते तेव्हा कापतो. त्याच्या बायकोने ओळखलेला नवरा आणि सैन्याने पाहिलेला सेनापती ही दोन चित्रं लेखक शेजारी शेजारी टांगतो आणि मधल्या फटीतून आपल्याला माणूस दिसायला लागतो.

चेटकिणींची भेट बघा. त्या फक्त 'तू राजा होशील' एवढंच म्हणतात, खुनाचा शब्दही काढत नाहीत. आणि मॅकबेथ काही बोलायच्या आधी सोबतचा सेनापती बँको विचारतो, "अहो, इतक्या चांगल्या गोष्टी ऐकून दचकलात का?" हा प्रश्न मला पहिल्या अंकातला सर्वांत भेदक वाटतो. दचकतो तो ज्याच्या मनात तो विचार आधीच येऊन गेलेला असतो. त्याचं शरीर त्याच्या जिभेच्या आधी कबुली देतं आणि ती कबुली लेखक दुसऱ्याच्या तोंडून सांगतो. नंतरच्या जनांतिकात, म्हणजे फक्त प्रेक्षकांना ऐकू जाणाऱ्या बोलण्यात, मॅकबेथ स्वतःशी तोलत बसतो: हे वाईट असू शकत नाही, हे चांगलं असू शकत नाही. अंगावर काटा येतोय, काळीज बरगड्यांवर आपटतंय. बाकीचे सरदार दोन पावलांवर उभे आहेत आणि हा गर्दीत एकटा आहे. तो एकटेपणा फक्त आपल्याला माहीत. इथेच प्रेक्षक त्याच्या बाजूला ओढला जातो, कारण गुपितात सामील झालेला माणूस तटस्थ राहत नाही.

मग पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं ते मोठं स्वगत. आत राजा डंकन जेवतोय आणि यजमान पंगत सोडून बाहेर आलाय. तो खुनाच्या विरुद्ध एकेक कारण मांडतो: मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, आज तर त्याचा यजमान, दार लावून घ्यायचं ते मारेकऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी. कुठल्याही वकिलाने याहून बरी बाजू मांडली नसती. आणि मग भाषा हिशेब सोडून उडते. डंकनचे सद्गुण देवदूतांसारखे तुताऱ्या फुंकतील, करुणा नुकत्या जन्मलेल्या उघड्या बाळासारखी वादळावर स्वार होऊन येईल. मॅकबेथचं मोठेपण आणि त्याचा शाप या कल्पनाशक्तीत आहे, असं माझं ठाम मत. पाप काय आहे हे त्याला नियम म्हणून माहीत नाही, ते त्याला डोळ्यांसमोर दिसतं. नाटकातल्या इतर कुणालाही ते इतकं स्पष्ट दिसत नाही. आणि तरी तो करतो.

आता माझा मुख्य मुद्दा. या स्वगतांचा आलेख पाहा. डंकनच्या आधी लांबलचक झगडा. मग फक्त त्यालाच दिसणारा हवेतला खंजीर. बँकोच्या खुनाच्या आधी तिसऱ्या अंकात एक स्वगत आहे, पण त्यात 'करू की नको' नाही; भीती आहे, मत्सर आहे, आपला मुकुट निपुत्रिक राहणार याची आग आहे. आणि विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफच्या कुटुंबाच्या आधी? जेमतेम काही ओळी. इथून पुढे मनात पहिलं येईल तेच हाताने पहिलं करीन, असं तो म्हणतो आणि निघून जातो. विचार आणि कृती यांच्यामधली जागा त्याने स्वतःहून बुजवून टाकली, आणि आपण त्याच्याबरोबर उभे होतो ती जागा तीच. पुढच्याच प्रवेशात लेडी मॅकडफचा चुणचुणीत मुलगा आपल्यासमोर मारला जातो आणि ती किंचाळत पळते, मारेकरी तिच्या मागे. डंकनचा खून पडद्याआड होता, हा डोळ्यांदेखत. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशापर्यंत मॅकबेथ आपल्याला दिसतही नाही.

लेखकाने आधी आपल्याला त्याच्या डोक्यात बसवलं आणि ऐन वेळी बाहेर काढून दार लावून घेतलं. नायकाचा ऱ्हास इथे सांगितलेला नाही, आपल्याला त्याचा विरह घडवून दाखवला आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

शब्दवेडा

ताई, फार सुंदर मांडणी. बँकोच्या प्रश्नाकडे इतक्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं.

एक भर. तिसऱ्या अंकात मॅकबेथ मारेकऱ्यांना तयार करतो तेव्हा त्यांच्या पुरुषार्थालाच डिवचतो: यादीत तुमची नोंद माणसं म्हणून आहे खरी, पण कुत्र्यांच्या यादीत जसे सगळेच कुत्रे. हे हत्यार त्याचं स्वतःचं नाही! पहिल्या अंकात बायकोने त्याच्यावर हेच चालवलं होतं, 'धाडस होतं तेव्हा तू पुरुष होतास' म्हणून. तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं की माणसाला शोभेल ते सगळं मी करीन, त्याहून जास्त करणारा माणूसच नव्हे. इतकं नेमकं उत्तर देणारा माणूस दोन अंकांनंतर बायकोचा तोच युक्तिवाद भाडोत्री लोकांना विकतो.

आणि याचा जबाब कुणी द्यावा, तर मॅकडफने. बायकापोरं मेल्याची बातमी आल्यावर डंकनचा मुलगा मॅल्कम त्याला म्हणतो, पुरुषासारखा सामोरा जा. तो म्हणतो, जाईन, पण मला ते माणसासारखं सोसलंही पाहिजे. मॅकबेथ त्या प्रवेशात नाही आणि तरी तो सबंध प्रवेश मॅकबेथबद्दल आहे.

---

नेपथ्य

मी हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं तांत्रिक होईल.

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश कुणी मोठ्याने वाचून पाहिलाय का? खून नुकताच झालाय. नवरा-बायको बोलतात ते असं: तू बोललास का? कधी? आत्ता. मी उतरताना? हो. एक ओळ चौघांत वाटावी तशी दोघांत चिरफाळलेली. पहिल्या अंकात हाच माणूस अखंड, लांब श्वासाची वाक्यं बोलत होता. तालमीत नटाला इथे वेगळं काही करावंच लागत नाही, संहिता त्याचा श्वास तोडते. मग ते 'आमेन' घशात अडकणं. दोन माणसं झोपेत 'देवा दया कर' म्हणाली आणि याला 'आमेन' म्हणता आलं नाही, एवढ्याच गोष्टीवर तो पुन्हा पुन्हा येतो. रक्ताने माखलेल्या हातात खंजीर तसेच आहेत, ते त्याच्या लक्षातही नाही. ते परत नेऊन ठेवायला बायकोच जाते.

आणि मग दारावरची थाप. इंग्रज निबंधकार डी क्विन्सीने १८२३ साली या थापेवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की खुनाच्या वेळी नेहमीचं जग थांबलेलं असतं आणि ती थाप पडते तेव्हा जग पुन्हा सुरू झाल्याचं कळतं, म्हणून ती इतकी भयंकर वाटते. प्रयोगात हे शंभर टक्के खरं ठरतं. थाप जितकी साधी, घरगुती, तितकी अंगावर येते. गडगडाट केलात की परिणाम गेला.

बँकोच्या भुताबद्दलही बोलायचंय. खंजीर कुणालाच दिसत नाही, प्रेक्षकालाही नाही, तिथे आपण शब्दांवर विसंबतो. भुताबद्दल मात्र फोलिओत स्पष्ट रंगसूचना आहे की बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागी बसतं. बरेच दिग्दर्शक आजकाल रिकामी खुर्ची ठेवतात. माझा कौल भुताच्या बाजूने. भूत दिसलं तर पंगतीतल्या सगळ्या सरदारांना न दिसणारी गोष्ट मॅकबेथबरोबर फक्त आपण पाहतो, म्हणजे चांदणवेल म्हणतात ते गुपित तिसऱ्या अंकातही टिकतं. खुर्ची रिकामी ठेवली की आपण सरदारांच्या रांगेत जाऊन बसतो आणि एक वेडा माणूस बघतो.

---

मावळतीकर

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही.

दार लागतं म्हणता, मग 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे भाषण काय आहे? बायको गेल्याची बातमी येते आणि तो आयुष्याला चालती सावली म्हणतो, घटकाभर रंगमंचावर मिरवून नाहीसा होणारा गरीब नट म्हणतो. सबंध नाटकात आपण त्याच्या इतक्या आत क्वचितच जातो. त्याच अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातलं 'पिकलं पान' घ्या. म्हातारपणी जे हवं, मान, प्रेम, आज्ञाधारक माणसं, मित्रांचे थवे, ते मला मिळायचं नाही, त्याजागी हळू आवाजातले पण खोलवर शाप. हे म्हणणारा माणूस आतून सुकलाय, पण त्याचं आतलं बंद झालेलं नाही.

दुसरं, नायकाचा गुंता फक्त नाटकाच्या तंत्रातून आला असं म्हणण्याआधी लेखकाने मूळ कथेचं काय केलं ते पाहावं. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ स्कॉटलंडचा राजा होता. खरा डंकन लढाईत पडला, पाहुणा म्हणून झोपेत मेला नाही. शेक्सपिअरचा आधार म्हणजे हॉलिन्शेडची बखर. तिथला डंकन मवाळ, दुबळा राजा आहे, मॅकबेथ पहिली दहा वर्षं चांगला कारभार करतो, आणि बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरने यातलं प्रत्येक निमित्त काढून घेतलं. डंकनला सज्जन केलं, बँकोला बाजूला केलं, दहा वर्षांचा सुशासनाचा काळ पुसला. वर त्याच बखरीतला दुसऱ्याच राजाचा खून आणून इथे जोडला: डफ राजाला डॉनवॉल्ड नावाच्या सरदाराने बायकोच्या चिथावणीवरून आपल्याच गढीत मारवलं, पहारेकऱ्यांना दारू पाजून. बँकोला स्वच्छ करण्यामागे राजकारण होतं हे उघड आहे, कारण १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. पण फायदा नाटकाचा झाला. मॅकबेथकडे आता एकही सबब उरली नाही. सबब नसलेल्या माणसालाच स्वतःशी इतकं बोलावं लागतं.

---

चांदणवेल

मावळतीकर, बखरीचा मुद्दा अप्रतिम. सबबी काढून घेणं हेसुद्धा तंत्रच, आणि तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

'उद्या आणि उद्या'वर मात्र मी माझ्या जागी आहे. ते भाषण आपण सवयीने स्वगत म्हणतो, पण त्याचा सेवक सीटन तिथे उभा आहे आणि कुणीतरी येऊन वर्दी देणार आहे. 'पिकलं पान'सुद्धा सीटनला हाका मारता मारता येतं. पहिल्या अंकात लोक आजूबाजूला असताना तो जनांतिकात शिरून लपत होता. आता चारचौघांत बोलतो, कारण लपवायला काही उरलं नाही आणि ऐकणारं कुणी त्याच्या लेखी उरलं नाही. आशयही बघा: पहिल्या स्वगतात प्रत्येक ओळीला परिणाम होता, काय होईल, कोण काय म्हणेल, देव काय करील. इथे कशालाच परिणाम नाही. आयुष्य म्हणजे वेड्याने सांगितलेली, आरडाओरड्याने भरलेली, काहीच अर्थ नसलेली गोष्ट. कल्पनाशक्ती तशीच तेजस्वी आहे, पण ती आता कशाच्याही आड येत नाही. मी दार लागलं म्हणते ते या अर्थाने.

त्याच प्रवेशात, अगदी काही क्षण आधी, बायकांचा आक्रोश ऐकून तो म्हणतो की भीतीची चव मी जवळजवळ विसरलोय. एक काळ होता, रात्री किंकाळी ऐकून माझं अंग गार पडायचं. दुसऱ्या अंकातला प्रत्येक आवाजाने दचकणारा मॅकबेथ त्याला स्वतःलाच आठवतोय. स्वतःचा हा ऱ्हास त्याला कळतो, म्हणून मला तो खलनायक वाटत नाही.

---

अबोली_

इतका वेळ लेडी मॅकबेथ कडेला राहिली याचं आश्चर्य वाटतंय. तिच्याशिवाय मॅकबेथची गुंतागुंत दिसणारच नाही, कारण ही दोन पात्रं एकमेकांच्या उलट दिशेने चालतात आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना ओलांडून जातात.

पाण्याची प्रतिमा घ्या. खुनानंतर तो म्हणतो, वरुणाचा सगळा समुद्र हे हात धुऊ शकणार नाही, उलट समुद्रच लाल होईल. ती म्हणते, थोड्या पाण्याने निभेल. पाचव्या अंकात झोपेत चालत ती हात चोळत येते आणि म्हणते, अरबस्तानची सगळी अत्तरं या एवढ्याशा हाताला गोड वास देणार नाहीत. त्याची दुसऱ्या अंकातली अतिशयोक्ती तिच्या वाट्याला आली. आणि तो त्या वेळी किल्ल्यावर निशाणं लावायचे हुकूम देतोय. ती इथे छंदात बोलत नाही, तुटक गद्यात बोलते. एके काळी एका श्वासात भूतांना आवाहन करणाऱ्या बाईची वाक्यं आता एकमेकांना धरून राहत नाहीत. आणि 'म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं?' हा प्रश्न. तिने त्या रात्री हेच पाहिलं आणि तेव्हा बोलली नाही.

मला सर्वांत हलवून जातं ते त्यांचं नातं. पहिल्या पत्रात तो तिला मोठेपणातली माझी लाडकी भागीदार म्हणतो. बँकोच्या वेळी तिने विचारलं तर म्हणतो, लाडके, तू यातलं काही जाणूच नकोस, झाल्यावर शाबासकी दे. तिच्यासाठी आखलेलं रहस्य आणि प्रेक्षकांसमोर बंद होणारं दार यात मला फरक वाटत नाही. आधी ती बाहेर, मग आपण. तिच्या मरणावर तो रडतही नाही, 'हिने नंतर मरायला हवं होतं' एवढंच. ते वाक्य थंड आहे की थकलेलं, हे नटाने ठरवायचं. मला ते थकलेलंच ऐकू येतं.

---

रानपाखरू

वाचतोय. सगळे प्रतिसाद एकापेक्षा एक. कपड्यांच्या प्रतिमेबद्दल कुणी लिहाल का? कॉलेजात त्यावर टिपण होतं, आता आठवत नाही. आणि मराठीत याचे अवतार कुठले?

---

शब्दवेडा

रानपाखरू, थोडक्यात सांगतो. कॅरोलाइन स्पर्जन या अभ्यासिकेने १९३५ च्या पुस्तकात हे दाखवलं. रॉस नावाचा सरदार त्याला कॉडरचा सरदार म्हणून संबोधतो तेव्हा मॅकबेथ म्हणतो, मला उसनी वस्त्रं का नेसवता? बँको म्हणतो, नवे मान नव्या कपड्यांसारखे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. पाचव्या अंकात अँगस हा सरदार म्हणतो, याची पदवी याच्या अंगावर राक्षसाचा झगा बुटक्या चोरावर लोंबावा तशी लोंबतेय. आणि शेवटी तो काय म्हणतो? मरायचं तर अंगावर चिलखत असताना मरू. पहिल्या अंकात लोकांनी वाखाणलेलं, त्याला खरोखर मापात बसणारं तेवढं एकच वस्त्र.

मराठीत शिवराम महादेव परांजप्यांचं 'मानाजीराव' आणि शिरवाडकरांचं १९५४ चं 'राजमुकुट'. दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवून वाचा. मोठ्याने वाचा, स्वगतं मनातल्या मनात वाचायची नसतातच.

---

मावळतीकर

चांदणवेल, तुमच्या उत्तरावर बराच विचार केला. सीटन उभा आहे हा मुद्दा वजनदार आहे. तरी आपण दोघेही एका जागेवर आलोच नाही, ती म्हणजे त्याचा मृत्यू.

ऑथेल्लोला मरताना भाषण आहे, हॅम्लेटला आहे. आपल्याला कसं आठवावं हे ते दोघंही सांगून जातात. मॅकबेथला हे मिळत नाही. बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करू शकणार नाही या भाकिताचा शेवटचा आधार गेल्यावर, मॅकडफ आईच्या उदरातून चिरून काढलेला आहे हे कळल्यावर, तो एकदा म्हणतो की मी तुझ्याशी लढणार नाही. मग मॅल्कमच्या पायाशी वाकण्यापेक्षा ढाल पुढे करतो आणि 'आधी पुरे म्हणेल त्याचं वाटोळं होवो' म्हणून तुटून पडतो. ते त्याचे शेवटचे शब्द. त्यानंतर येतं ते फक्त त्याचं मस्तक, जसं पहिल्या अंकात त्याने बंडखोराचं मस्तक तटावर टांगलं होतं. आणि मॅल्कम निकाल देतो: हा मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसीण राणी.

मॅल्कमचं चुकलं असं कसं म्हणणार? त्याचा बाप मारला गेलाय, देश रक्तबंबाळ झालाय, त्याच्या जागेवरून हेच खरं आहे. पण त्या सभेत कुणीही सातव्या प्रवेशातलं स्वगत ऐकलेलं नाही. कुणाला हवेतला खंजीर माहीत नाही, घशात अडकलेलं 'आमेन' माहीत नाही. डंकनचं प्रेत सापडल्यावर मॅकबेथ सगळ्यांसमोर म्हणाला होता, या घटनेच्या तासभर आधी मेलो असतो तर माझं आयुष्य धन्य झालं असतं. सरदारांना ते दुःख वाटलं, आपल्याला ढोंग वाटलं, आणि पाचव्या अंकात कळतं की ते अक्षरशः खरं होतं. हे सगळं जाणणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे प्रेक्षक. नायकाला शेवटचं भाषण नाकारून लेखकाने त्याची बाजू आपल्या ताब्यात देऊन टाकली, आणि राज्याभिषेकाच्या जयघोषात ती कुणाला सांगायची सोय ठेवली नाही.

---

नेपथ्य

मावळतीकर, हे वाचून एक गोष्ट पक्की झाली. आमच्या पुढच्या प्रयोगात मॅल्कमच्या त्या ओळीला मी प्रेक्षागृहाचे दिवे अर्धे वर आणणार आहे. दिग्दर्शकाशी भांडावं लागलं तरी चालेल.